मरहबा, टॉवर

कॅप्टन कोंडोला वाट्टेल ते बोलायचा हक्क मला माझ्या आज्या-पणज्यांकडून मिळालाय आणि तो मी पुरेपूर वसूल करते. मी न्यामवेझी, आतल्या मुलखातल्या ताबोराकडची. तो झारामो, इथला किनाऱ्यावरचा. आमच्या दोन जमातींत उतानी चालते, म्हणजे थट्टेचं नातं. कुणी कुणाला काहीही बोलावं, ऐकणाऱ्यानं राग धरायचा नाही. धरला तर त्याचीच शोभा होते. माझा नवरा गेला तेव्हा मयताला कोंडो आला आणि सगळे रडत असताना माझ्या कानाशी म्हणाला, "सुटला बिचारा तुझ्या तावडीतून." मी रडता रडता हसले. त्या आठवड्यात मला हसवणारा तेवढा एकच माणूस होता. हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही, आधीच मेल्याचं डोकं मोठं आहे.

मी म्चांगानी विमानतळाच्या टॉवरची प्रमुख आहे. समुद्राला लागून एकच धावपट्टी, दक्षिण टोकाला दीपस्तंभ, आणि दिवसभर बेटांवर ये-जा करणारी छोटी विमानं. कोंडोचं स्वतःचं एक जुनं सहा जणांचं विमान आहे. जाताना पर्यटक नेतो, येताना पर्यटक आणि ऑक्टोपसचे खोके आणतो. त्याच्याशी मी माइकवरही तशीच बोलते.

"ए कोंडो, तुझं ते उडतं खुराडं जरा डावीकडे घे. मागून माणसांचं विमान येतंय."

"घेतो गं हमालाच्या पोरी. तू आधी डोक्यावरचं गाठोडं खाली ठेव."

आमचे पूर्वज व्यापाऱ्यांची ओझी वाहायचे, म्हणून तो मला हमालाची पोर म्हणतो. मी त्याला ढोलबडव्या म्हणते, कारण कुठे ढोल वाजला की झारामोंना घरची चूल पेटलीय की विझलीय याची शुद्ध राहत नाही. हे काही नियमात बसत नाही. पण तो बोलता बोलता डावीकडे घेतो, आणि मला तेवढंच हवं असतं.

आता सुबिराबद्दल सांगते. सुबिरा पेंबा बेटावरची. माझ्या हाताखाली कामाला लागली आणि माझ्याच घरी मागच्या खोलीत भाड्यानं राहायला आली. घरात तिच्याइतकी वेंधळी मुलगी मी पाहिली नाही. भात करपवते, नळ उघडा ठेवते, माझ्या चपला पायात सरकवून जाते आणि मी अनवाणी तिला शोधत फिरते. पण टॉवरच्या खुर्चीत बसली की वेगळीच. आकाशात पाच विमानं असू देत, कोण कुठे आहे, कोण कुणाच्या मागे येतंय, सगळं तिच्या डोक्यात चोख. मी दुर्बीण उचलेपर्यंत ती नुसत्या डोळ्यांनी सांगते. असं माणूस शिकवून तयार होत नाही, ते उपजतच असावं लागतं. तिच्या तोंडावर मी हे कधी म्हटलं नाही, पण सुट्टीच्या दिवशी मी निर्धास्त झोपायचे ते तिच्या जिवावर.

मग ती प्रेमात पडली, आणि तेही कोंडोच्या मुलाच्या.

सलमिनी हँगरमध्ये इंजिनं दुरुस्त करतो. पोरगा गुणी आहे, बापाच्या वळणावर गेलेला नाही. मागणी घालायला लवकरच माणसं पेंबाला जायची असं ठरलं, आणि त्या दिवसापासून माझ्या टॉवरवर घोळ सुरू झाला.

त्याचं असं आहे की आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाशी शिकामो म्हटल्याशिवाय बोलायचं नसतं. लहानानं शिकामो म्हणायचं, मोठ्यानं मरहबा म्हणून ते स्वीकारायचं, मग पुढचं बोलणं. एरवी सुबिरा कोंडोला एक शिकामो टाकायची, तो मरहबा म्हणायचा, काम व्हायचं. पण होणाऱ्या सासऱ्याला नुसतं शिकामो टाकून कसं चालेल? तिथे रात्री झोप लागली का, आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, गुडघा कसा आहे, घरी सगळे बरे ना, असं सगळं विचारावं लागतं. आणि मग हळूच, मान खाली घालून, आपलं काम सांगायचं. आता माइकवर मान खाली घातलेली कुणाला दिसणार? पण ही खरंच घालायची. मी डोळ्यांनी पाहिलंय.

पहिल्यांदा घोटाळा झाला तेव्हा राजधानीहून आलेलं कॅरॅव्हॅन जातीचं एक प्रवासी विमान उतरायला निघालं होतं आणि कोंडो आपला मधल्या वाटेनं त्याच्या पुढ्यात घुसत होता. त्याला एवढंच सांगायचं होतं की उतरू नका, आणखी एक फेरी मारून या. सुबिरानं माइक धरला.

"शिकामो बाबा. झोप नीट झाली ना? आईंचा गुडघा आता बरा असेल. बाबा, आपल्याला त्रास होणार नसेल तर, म्हणजे जमण्यासारखं असेल तर, आपण आणखी एक फेरी..."

तिचं वाक्य फेरीपर्यंत पोचलं तेव्हा कोंडो कॅरॅव्हॅनच्या नाकासमोरून खाली उतरला होता. कॅरॅव्हॅनच्या पायलटनं विमान असं काही वर ओढलं, की आतले सगळे पर्यटक देवाचं नाव घ्यायला लागले. आपापल्या देवाचं.

"अगं बाई," मी म्हटलं, "तू त्याला वळायला सांगत होतीस की साखरपुड्याला बोलावत होतीस?"

"कसं सांगू, बाई? ते सासरे आहेत."

"अजून झालेले नाहीत. आणि अशानं होणारही नाहीत, कारण एक दिवस दोघं विमानांसकट समुद्रात जातील."

ती रडवेली झाली. मला तिची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी अहवाल लिहून राजधानीला विमान खात्याकडे पाठवला. विमानं जवळून गेली तर लिहावंच लागतं, तिथे आपलं-परकं चालत नाही.

दुसऱ्यांदा दीपस्तंभावर झालं. समोरासमोर. इतकं जवळून, की दोन्ही पायलट नंतर एकमेकांच्या टोप्यांचा रंग सांगत होते. टॉवरमधल्या बोलण्याची टेप ऐकली, तर कोंडोची चूक निघालीच नाही, कारण त्याला कुणी हुकूम दिलाच नव्हता. टेपवर होतं ते असं, "बाबा, आपली मर्जी असेल तर." मर्जी विचारली की पायलट मोकळा. दोष सुबिराच्या नावावर पडला.

मग मी तिला घरी समोर बसवलं. "उद्यापासून शिकामो बंद. नुसता हुकूम. नाव, दिशा, संपलं."

"त्यांना काय वाटेल?"

"काय वाटायचं ते वाटू दे. मेलेल्या माणसाला काहीच वाटत नाही."

पोरीनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिनं स्वच्छ हुकूम सोडला, की डावीकडे वळा. आणि कोंडो वळला नाही. सरळ आला, धावपट्टीवर दुसरं विमान उडायच्या तयारीत उभं असताना त्याच्या डोक्यावरून जाऊन पुढे उतरला. मी जिना उतरून तरातरा गेले, अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

"बहिऱ्या, वळ म्हटलं ते ऐकू आलं नाही?"

"आलं की," कोंडो ऑक्टोपसचे खोके उतरवत म्हणाला. "पण मला कुठे म्हटलं? शिकामो नाही, काही नाही. मला वाटलं कुण्या पोरासोराला सांगतेय. आमची सून मला असं कशाला बोलेल?"

मी कपाळावर हात मारला. शिकामो म्हटलं तर हुकूम वेळेत पोचत नाही, आणि नाही म्हटलं तर तो हुकूम आपल्यासाठी आहे हेच या बाबाला पटत नाही. मी त्याला तिथल्या तिथे नीट सांगायला लागले, की अरे, तुझ्यामुळे पोरीची नोकरी जाईल, आता तरी शहाणा हो. तर तो खोक्यावर बसून पोट धरून हसायला लागला.

"काय बोलतेस गं. तू एक दिवस मला हसवून मारणार."

उतानीचा हाच तोटा आहे. जन्मभर थट्टा केलेल्या माणसाला खरं काही सांगायला गेलं की तो टाळीसाठी हात पुढे करतो.

तिसरा अहवाल पोचल्यावर राजधानीहून फोन आला. किमारो साहेब तपासणीला येणार, दिवसभर टॉवरमध्ये बसणार. सुबिराचं काम डोळ्यांनी बघणार आणि तिथेच ठरवणार. ठीक वाटलं तर खुर्ची कायम. नाहीतर तिचा परवाना काढून घेऊन तिला राजधानीत कागदांच्या कपाटांमध्ये बसवणार. त्या रात्री सुबिरानं भात करपवला नाही, कारण केलाच नाही. नुसती ओट्याजवळ उभी होती.

"बाई, मला दुसरं काही येत नाही हो," ती म्हणाली. "मला ही खुर्ची हवी आहे. आणि मला सलमिनीही हवा आहे. हे फार मागणं आहे का?"

मी म्हटलं, "फार नाही. पण मध्ये एक ढोलबडव्या बसलाय." आणि तिच्यासाठी चहा टाकला. दुसरं काय करणार होते?

किमारो साहेब आले ते कोट घालून, उकाड्यात. उंच, सडपातळ, तोंडावरची माशी हलत नाही असा माणूस. मी आल्याचा चहा आणि विटुंबुआ पुढे केले. त्यांनी चहा घेतला, विटुंबुआकडे पाहिलंही नाही. तांदळाचे गरम गरम गोल विटुंबुआ नाकारणारा माणूस मनानं कसा असेल ते मी तिथेच ओळखलं. ते सुबिराच्या मागे खुर्ची घेऊन बसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आपण माइकला हात लावायचा नाही. तोंडानं खूण नाही, खोकणं नाही. आज ही एकटी."

मी हात पाठीमागे बांधून भिंतीला उभी राहिले. शाळेत शिक्षा झालेल्या पोरीसारखी.

सकाळ छान गेली. सुबिरा बोलत होती आणि विमानं तिच्या शब्दाबरोबर हलत होती. हे थांबलं, ते उतरलं, तिसरं समुद्रावर गोल फिरत राहिलं. साहेबांचं पेन चालत होतं. मध्येच त्यांनी एक विटुंबुआ उचलला. मला वाटलं, जमलं.

एक कॅरॅव्हॅन प्रवासी भरून दक्षिणेकडे उडायला निघालं. सुबिरानं परवानगी दिली, त्यानं वेग घेतला, चाकं जमिनीवरून उचलली. आणि त्याच वेळी मला दीपस्तंभाच्या पलीकडे एक ठिपका दिसला. कोंडो. त्यानं लांबून, पूर्वेकडून यायचं असतं, पण पर्यटकांना दीपस्तंभ जवळून दाखवायची त्याला भारी हौस. न विचारता सरळ दीपस्तंभावरून येत होता, म्हणजे कॅरॅव्हॅनच्या तोंडावर. त्यात ऊन त्याच्या काचेवर. त्याला समोरचं काही दिसत असेल असं वाटत नव्हतं.

कॅरॅव्हॅनला वळवता येत नव्हतं. नुकतंच जमीन सोडलेलं, पोट भरलेलं विमान वळवायचं नसतं, ते खाली बसतं, आणि खाली घरं होती. वळायचं होतं ते कोंडोनं. उजवीकडे, समुद्रावर. ताबडतोब.

सुबिराला माझ्याआधी दिसलं होतं. तिनं माइक धरला.

"शिकामो बा..."

आणि अडकली. मला तिची मान दिसत होती. ती खाली जायला लागली होती. साहेबांनी पेन थांबवून डोकं वर केलं. माझे हात पाठीमागे होते आणि नखं तळव्यात रुतली होती. मनात म्हटलं, बोल गं, काहीही बोल.

सुबिराची मान वर आली.

"ए कोंडो," ती म्हणाली. "ढोल बडवून बडवून कान फुटले का तुझे? वळव ते खुराडं उजवीकडे. समुद्रावर जा. आत्ताच्या आत्ता."

तो ठिपका एका पंखावर आडवा झाला आणि समुद्रावर गेला. इतक्या चटकन वळलेला कोंडो मी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता. कॅरॅव्हॅन दीपस्तंभावरून आरामात वर चढत गेलं. आत बसलेल्यांनी बहुतेक फोटो काढले असतील.

मग स्पीकरमधून कोंडोचा आवाज आला, जरा घोगरा.

"कोण बोललं ते?"

"टॉवर," सुबिरा म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज खणखणीत होता. तिनं त्याला पूर्वेकडून फिरवलं, मध्ये एक विमान उतरवून घेतलं, मग त्याला उतरवलं. सगळं नेमकं, एक शब्द जास्त नाही. साहेब काही लिहीत नव्हते. दुर्बीण लावून कॅरॅव्हॅन गेलं त्या बाजूला बघत होते.

मग जिन्यावर पावलं वाजली. आमचा जिना लोखंडी आहे, वर येणाऱ्याचा राग पायरीपायरीला ऐकू येतो. कोंडो दारात उभा राहिला. घामाघूम, टोपी हातात. साहेब म्हणाले, इथे पायलटांना परवानगी नाही. कोंडोनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"माइकवर कोण होतं?"

"मी होते," सुबिरा म्हणाली आणि उभी राहिली.

"मला ढोलबडव्या म्हणालीस."

"हो."

"माझ्या विमानाला खुराडं म्हणालीस."

"हो."

"हे बोलायचा हक्क या विमानतळावर एकाच बाईला आहे." त्यानं टोपीनं माझ्याकडे दाखवलं. "तो तिला तिच्या जमातीनं दिलाय. तुझी आजी न्यामवेझी होती का?"

"नाही. पेंबाची होती."

"आई?"

"तीही पेंबाची."

"मग कुठल्या नात्यानं बोललीस?"

सुबिरानं ओठ घट्ट दाबले. मला कळत होतं की ती मनातल्या मनात सलमिनीचा निरोप घेतेय. खुर्ची तर साहेबांच्या हातात होतीच. आणि तेव्हा मला जे वाटलं ते मी सरळ सांगते. मला मूल झालं नाही. कधी फार खंत केली नाही, वेळच नव्हता. पण त्या पोरीला तिथे एकटी उभी पाहिलं, आणि माझ्या तोंडून शब्द बाहेर पडल्यावरच मला कळलं मी काय म्हणाले ते.

"माझ्या नात्यानं बोलली. माझी मुलगी आहे ती."

कोंडो माझ्याकडे वळला. "तुझी? कालपर्यंत तर भाडेकरू म्हणत होतीस."

"भात करपवते, नळ उघडा ठेवते, माझ्या चपला घालून जाते. भाडेकरूचं मी इतकं सोसलं असतं का? तूच सांग. मुलगीच असणार."

सुबिरानं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते, माझेही. कोंडोची मिशी हलली. मग खांदे हलले. मग तो दाराच्या चौकटीला टेकून हसायला लागला.

"म्हणजे मागणी घेऊन मला तुझ्या दारात यावं लागणार? हमालाच्या घरी?"

"पायरीवर बसवीन. आणि ढोल बाहेर ठेवून यायचं."

किमारो साहेब खोकले. त्यांनी आम्हाला खोकायला बंदी केली होती, पण स्वतःला सूट असावी. "हे सगळं छान आहे," ते म्हणाले. "पण माझा एक प्रश्न आहे. मी उत्तरेकडचा, मला तुमची उतानी नीट कळत नाही. आज ही मुलगी थट्टेच्या नात्यानं बोलली. उद्या लग्न झालं की ती यांची सून. सून सासऱ्याची थट्टा करू शकते?"

कोंडोचं हसू थांबलं. "छे, छे. सुनेला कसली उतानी? सून म्हणजे मान खाली, शिकामो बाबा."

"मग उद्या पुन्हा तेच होणार," साहेब म्हणाले. "विमान समोर येणार आणि ही गुडघ्याची चौकशी करणार. मला इथे सही करायची आहे, बाई. ती एका दिवसासाठी नसते."

मेल्या साहेबाचं म्हणणं बरोबर होतं. मी पोरीसाठी पूल बांधला होता, पण तो लग्नाच्या मांडवापाशी संपत होता. मी काहीतरी बोलायला तोंड उघडणार, तोच सुबिरा बोलली. ती साहेबांशी बोलली नाही. कोंडोकडे सरळ बघत बोलली, आणि शिकामो म्हणाली नाही.

"बाबा, लग्न झालं तर घरी मी तुमची सून असेन. सकाळ-संध्याकाळ तुम्हाला शिकामो करीन, आईंचे पाय चेपीन, तुम्ही बसल्याशिवाय बसणार नाही. मनापासून करीन, मला ते आवडतं. पण इथे वर मी तुमची सून नाही. कुणाची मुलगी नाही. उतानीही नाही. मघाशी मी ते शब्द बाईंकडून उसने घेतले, कारण मला दुसरं सुचलं नाही. पुन्हा घेणार नाही. इथून मी वळा म्हटलं की तुम्ही वळायचं. थांबा म्हटलं की थांबायचं. मला तुम्ही जिवंत हवे आहात. हे मान्य नसेल तर सलमिनीला सांगा, मागणी नको. मी रडेन, पण ही खुर्ची मी सोडणार नाही."

कोंडोनं टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली. मग पाठ फिरवली आणि जिना उतरून गेला. पायऱ्यांचा आवाज हळू येत होता. रागाचा नव्हता, पण कशाचा होता ते मला ओळखता येईना.

"खुर्चीत बसा," साहेब सुबिराला म्हणाले. "दिवस संपलेला नाही."

ती बसली. कानाला हेडफोन लावला, डोळे पुसले नाहीत, कारण समोर एक विमान उतरायला येत होतं आणि हात मोकळे नव्हते. खाली कोंडोच्या विमानाभोवती नवे प्रवासी जमले, आत बसले. इंजिन सुरू झालं. सलमिनी हँगरच्या दारात फडकं हातात घेऊन उभा होता आणि वर टॉवरकडे बघत होता. त्याला बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं. विमान हळूहळू धावपट्टीकडे निघालं. उतरणारं विमान अजून समोरून येतच होतं, आणि कोंडोची जुनी सवय अशी, की दोन विमानांच्या मधून सटकायचं. साहेबांनी पेन उचललं. माझे हात पुन्हा आपोआप पाठीमागे गेले.

स्पीकर खरखरला.

"मरहबा, टॉवर," कोंडो म्हणाला.

मरहबा हे उत्तर असतं. ते शिकामोनंतर येतं, आधी कधीच येत नाही. आयुष्यात मी कुणाला ते आधी म्हणताना ऐकलं नव्हतं. सुबिरानं तर शिकामो म्हटलंच नव्हतं. तिला म्हणावंच लागू नये म्हणून त्यानं आपलं उत्तर आधीच देऊन टाकलं होतं.

"मरहबा, टॉवर," तो पुन्हा म्हणाला. "कोंडो बोलतोय. बेटावर जायचंय. काय करू ते सांग."

सुबिरानं माइक धरला.

"कोंडो, आहात तिथेच थांबा. समोर विमान उतरतंय."

कोंडो थांबला. धावपट्टीच्या रेषेच्या पार अलीकडे, जागच्या जागी. समोरचं विमान उतरलं, पुढे गेलं, बाजूला वळलं, तरी तो हलला नाही, ती जा म्हणेपर्यंत.

किमारो साहेबांनी सही केली. खाली एक ओळ लिहिली, की आदेश स्पष्ट आणि वेळेवर, भाषेबद्दल प्रमुखांनी समज द्यावी. मग उरलेले विटुंबुआ त्यांनी रुमालात बांधून घेतले. मी समज दिली नाही. शब्द माझेच तर होते.